परसांतील अफूचें फूल

भाषा ही पुष्कळदां बोलणाऱ्यांहून अधिक जाणती असते. सभेंत एखाद्या वक्त्यानें नेमकी कोटी साधली म्हणजे श्रोत्यांत खसखस पिकली असें आपण म्हणतों; आणि लोकांची विचारशक्ति झोंपवून टाकणाऱ्या उपदेशाला अफूची गोळी म्हणणारेहि आपणच. पहिल्या वाक्प्रचारांत उल्हास आहे, दुसऱ्यांत ग्लानि आहे. पण दोहोंचें मूळ एकाच रोपांत आहे. दिवाळींत अनारसे ज्या खसखशीवर थापतात ती म्हणजे अफूच्या बोंडांतलें वाळलेलें बीं. आणि तेंच बोंड हिरवें असतांना त्याला चीर दिली म्हणजे जो चीक पाझरतो तो सुकून अफू होते. एकाच बोंडाच्या सालींत मोह आणि पोटांत नैवेद्य, अशी ही विलक्षण रचना आहे.

अफूच्या नांवाचा इतिहासहि असाच बोधप्रद आहे. हा शब्द आपल्याकडे अरबी 'अफ्यून' वरून आला, आणि तो अरबी शब्द ग्रीक भाषेंतल्या 'रस' या साध्या अर्थाच्या शब्दावरून निघाला. आमच्या वैद्यकग्रंथकारांनीं या परक्या शब्दाला संस्कृत पेहराव चढवितांना त्याचें 'अहिफेन' केलें, म्हणजे सापाच्या तोंडचा फेंस. मूळ शब्दांत साप कोठेंहि नव्हता. तो आम्हीं आणून बसविला. एखाद्या वस्तूचें भय वाटूं लागलें म्हणजे तिच्या नांवांतहि साप दिसूं लागतो, याचें यापरतें चांगलें उदाहरण मिळणार नाहीं.

या रोपाच्या निमित्तानें जो प्रश्न आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचा आहे तो दिसण्यांत अगदीं घरगुती आहे. घरामागच्या चार हात जागेंत, केवळ फुलाच्या शोभेसाठीं, अफूचें रोप लावणें यांत कांहीं दोष आहे काय? आणि असलाच, तर तो राहतो कोठें? रोपांत, लावणाऱ्याच्या हातांत, त्याच्या हेतूंत, कीं त्याला जें ठाऊक आहे त्यांत? परसांतल्या एका वाफ्यापुरता हा प्रश्न सोडवूं गेलें तर नीतिशास्त्रांतल्या एका जुन्या वादाच्या दारांत आपण येऊन उभे राहतों.

प्रथम त्या फुलाला न्याय दिला पाहिजे. बागकामाच्या पुस्तकांत ज्यांना पॉपी म्हणतात त्या फुलांच्या अनेक जाती आहेत, आणि त्या साऱ्या अफू देणाऱ्या नव्हेत. युरोपांतल्या गव्हाच्या शेतांत तणासारखी उगवणारी तांबडी पॉपी निराळी. विल्यम विल्क्स नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकांना १८८० च्या सुमारास, लंडनच्या दक्षिणेस शर्ली येथें, आपल्या बागेच्या कोपऱ्यांत अशा एका तांबड्या फुलाच्या पाकळ्यांना पांढरी किनार असलेली आढळली. त्यांनीं तेवढ्या एका फुलाचें बीं राखलें, आणि वर्षानुवर्षें निवड करीत करीत गुलाबी, पांढऱ्या, अबोली छटांची एक नवी जातच निर्माण केली. आज 'शर्ली पॉपी' या नांवानें ती जगभर लावतात. आपल्या दख्खनच्या हवेंतहि पावसाळा सरल्यावर हिचें बीं फेंकलें तर थंडीच्या अखेरीस वाफा फुलून जातो. बीं अतिशय बारीक असल्यामुळें तें वाळूंत मिसळून पेरावें लागतें. आणि सोटमूळ दुखावलेलें या रोपांना खपत नसल्यामुळें जेथें पेरलें तेथेंच त्यांना वाढूं द्यावें लागतें, फार तर दाटी झालेलीं रोपें उपटून इतरांना वीतभर मोकळीक करून द्यावी.

ज्या पॉपीपासून अफू निघते तिचा तोरा कांहीं वेगळाच आहे. तिचीं पानें निळसर हिरवीं, गुळगुळीत, देंठाला मिठी मारून बसलेलीं असतात. कळी मान खालीं घालून असते. फुलण्याच्या वेळीं ती सरळ होते, बाहेरचीं दोन आवरणें गळून पडतात, आणि आंत चुरगळलेल्या रेशमासारख्या दुमडून ठेवलेल्या पाकळ्या उन्हांत उलगडत जातात. पांढऱ्या, जांभळ्या, गुलाबी अशा त्या पाकळ्या दोन-तीन दिवसांतच झडतात, आणि मागें माथ्यावर मुकुट असलेलें बोंड राहतें. ज्यानें हें फूल सकाळच्या प्रहरीं पाहिलें आहे त्याला या सौंदर्यांत पापाचा अंश दाखवून देणें कठीण जाईल. सौंदर्य हें त्याच्या परिणामांची जामीनकी घेऊन जन्मास येत नसतें.

आतां कायद्याकडे वळूं. इंग्लंडांत हें फूल बागेंत लावण्यास मनाई नाहीं. बियांचीं पाकिटें दुकानांत उघड मिळतात, आणि जुन्या बागांतून तें आपोआप उगवतें. बोंडांतून अफू काढली तर मात्र गुन्हा होतो. अमेरिकेंत १९७० च्या कायद्यानें अफूचें रोप, बीं तेवढें वगळून, निर्बंधित पदार्थांच्या यादींत घातलें आहे. म्हणजे बीं विकत घेणें निर्दोष, पण तें उगवलें कीं कायद्याच्या अक्षराप्रमाणें घोटाळा! आपल्याकडे १८५७ व १८७८ च्या जुन्या अफू-कायद्यांच्या जागीं १९८५ सालीं गुंगीकारक औषधिद्रव्यांचा अधिनियम आला. त्याप्रमाणें सरकारी परवान्यावांचून अफूच्या रोपाची लागवड करणें हा दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र असा अपराध आहे. त्यांत शेत आणि परसू असा भेद नाहीं. परवाना असलेला शेतकरी मात्र मध्यप्रदेशांतल्या मंदसौर-नीमच भागांत, राजस्थानांतल्या चितोडगड-झालावाडकडे, किंवा उत्तरप्रदेशांतल्या कांहीं जिल्ह्यांत हेंच रोप सरकारी मोजणीखालीं उघड पिकवितो, बोंडांना दुपारीं चिरा देतो, सकाळीं साकळलेला चीक खरवडून घेतो, आणि तो सरकारच्याच हवालीं करतो.

म्हणजे एकच फूल एका देशांत शोभेचें, दुसऱ्यांत संशयाचें, तिसऱ्यांत गुन्ह्याचें, आणि त्या तिसऱ्याच देशांत कागद हातीं असेल तर उपजीविकेचें. यावरून कित्येक असा निष्कर्ष काढतात कीं, येथें नीतीचा प्रश्नच नाहीं. जो काय आहे तो सरहद्दीचा. हें उत्तर सोयीचें आहे, पण पुरें नाहीं. कायदा देशागणिक बदलतो एवढ्यावरून कायद्यामागचा प्रश्न नाहींसा होत नाहीं. तो प्रश्न सोडविण्याचे निरनिराळे प्रयत्न झाले आहेत, इतकेंच फार तर सिद्ध होतें.

या प्रश्नाची खरी गांठ कोठें आहे तें मायकेल पोलन या अमेरिकन लेखकांनीं दाखवून दिलें. १९९७ सालीं 'हार्पर्स' या मासिकांत त्यांनीं आपल्या बागेंतल्या अफूच्या रोपांविषयीं एक दीर्घ निबंध लिहिला. त्यांतला मर्माचा मुद्दा असा कीं, फुलासाठीं हें रोप लावणाऱ्या भाबड्या गृहस्थाकडे कोणी डोळा वर करून पाहत नाहीं. पण या बोंडांतून काय निघतें व कसें निघतें हें ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातचें तेंच रोप गुन्ह्याचा पुरावा ठरूं शकतें. वकिलांच्या सल्ल्यावरून त्यांनीं त्या निबंधांतला कांहीं भाग त्या वेळीं गाळला, आणि तो २०२१ सालीं पुस्तकांत प्रसिद्ध केला. माती तीच, बीं तेंच, पाणी तेंच, फूलहि तेंच; एक माणूस निर्दोष व दुसरा दोषी, आणि दोघांत अंतर एवढेंच कीं एकानें वाचलें आहे व दुसऱ्यानें वाचलेलें नाहीं. मग ज्ञान हेंच पाप, आणि अज्ञान हेंच पुण्य म्हणावयाचें काय?

या शंकेचें मूळ आपल्याकडेहि फार जुनें आहे. महाभारताच्या आदिपर्वांतली मांडव्य ऋषींची कथा वाचकांस ठाऊक असेल. चोरांनीं त्यांच्या आश्रमांत लूट दडविली. मौनव्रतांत असलेल्या ऋषींनीं राजपुरुषांना कांहीं उत्तर दिलें नाहीं. आणि चोरांबरोबर त्यांनाहि सुळावर चढविण्यांत आलें. पुढें त्यांनीं प्रत्यक्ष धर्माला जाब विचारला, तेव्हां लहानपणीं तूं कीटकांना गवताची काडी टोंचली होतीस, त्याचें हें फळ, असें उत्तर मिळालें. त्यावर ऋषि संतापले. अजाणत्या वयांतल्या कृत्याला एवढी शिक्षा देणाऱ्या धर्मालाच त्यांनीं मनुष्ययोनींत जन्म घेण्याचा शाप दिला, आणि यापुढें चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचें कर्म पाप म्हणून गणलें जाणार नाहीं अशी मर्यादा घालून दिली. या कथेचें मोल आम्हांस असें वाटतें कीं, येथें एका मनुष्यानें खुद्द धर्माची चूक दाखविली, आणि ती चूक नेमकी हीच होती कीं, धर्मानें कृत्य पाहिलें व जाणतेपण पाहिलें नाहीं.

पण मांडव्यांनीं चौदा वर्षांची मर्यादा घातली, हेंहि विसरतां कामा नये. अज्ञानाला वय आहे. तें जन्मभर पुरत नाहीं. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत हाच धागा पुढें नेला आहे. जें घडलें त्याच्या तपशिलाचें अज्ञान क्षम्य असूं शकेल, पण जें सहज कळण्यासारखें होतें तें कळून घेतलें नाहीं, तर त्या अज्ञानाचा कर्ता मनुष्य स्वतःच होय, असें तो म्हणतो. आणि दारूच्या धुंदींत अपराध करणाऱ्याला दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा दाखला देतो. धुंदींत त्याला कांहीं कळत नव्हतें हें खरें, पण धुंद न होणें त्याच्या हातीं होतें. शिकल्यासवरल्या मनुष्याच्या अज्ञानाची चौकशी करतांना हा दाखला फार उपयोगी पडेल. कित्येकदां आम्हांला एखादी गोष्ट ठाऊक नसते याचें कारण एवढेंच असतें कीं, ती ठाऊक नसणें आमच्या सोयीचें असतें.

आपल्या १९८५ च्या कायद्यानें या बाबतींत फार कडक पवित्रा घेतला आहे. ज्या अपराधांत आरोपीची दोषी मनःस्थिति आवश्यक आहे तेथें ती होतीच असें न्यायालयानें गृहीत धरावें, आणि नव्हती हें आरोपीनें सिद्ध करावें, असें त्याच्या पस्तिसाव्या कलमांत आहे; आणि मनःस्थिति या शब्दांत हेतूप्रमाणेंच जाणीवहि येते. २०१२ सालीं बीड जिल्ह्यांत परळीच्या बाजूस अफूचीं पिकें सांपडलीं, तेव्हां आम्ही खसखस पेरली होती असें कांहीं शेतकऱ्यांचें म्हणणें होतें. कोणाचें म्हणणें खरें व कोणाचें बनावट, याचा निवाडा करणें आमचें काम नव्हे. पण त्या एका वाक्यानें भाषेची आणि कायद्याची जी टक्कर झाली ती विचार करण्यासारखी आहे. स्वयंपाकघराच्या भाषेंत खसखस पेरली. कायद्याच्या भाषेंत अफू उगवली. आणि जमिनीला तर या दोन्ही भाषा येत नाहींत.

यावर एक उत्तर तत्काळ पुढें केलें जाईल कीं, दोष फुलांतहि नाहीं व ज्ञानांतहि नाहीं, तो हेतूंत आहे. ज्याचा हेतु शुद्ध त्याचें कर्म शुद्ध. फुलासाठीं लावलें असेल तर फूल, नशेसाठीं लावलें असेल तर नशा. हा युक्तिवाद सकृद्दर्शनीं बिनतोड वाटतो, आणि परसाच्या कुंपणाच्या आंत तो बराचसा चालतोहि. पण अफूच्याच इतिहासाच्या कसोटीला तो लावून पाहिला म्हणजे त्याची मर्यादा दिसूं लागते.

एकोणिसाव्या शतकांत माळव्यांत, म्हणजे बऱ्याच अंशीं शिंदे-होळकरांच्या मुलुखांत, पिकलेली अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जात असे. या साखळींतला एकेक दुवा घ्या. शेतकरी पोटासाठीं पेरीत होता; सावकार व्याजासाठीं उचल देत होता; संस्थानिक व इंग्रज सरकार कर घेत होतें; पेढीवाला पेट्या गलबतावर चढवीत होता. यांपैकीं कोणाचाहि हेतु चीनमधल्या एखाद्या घराची राखरांगोळी करण्याचा नव्हता. प्रत्येकाच्या हेतूला हात लावून पाहिला तर तो व्यवहारापुरता स्वच्छच लागेल. आणि तरीहि त्या साऱ्या स्वच्छ हेतूंची बेरीज म्हणजे एका मोठ्या राष्ट्राला जडलेलें व्यसन, आणि १८३९ पासून १८४२ पर्यंत चाललेलें एक निर्लज्ज युद्ध. लिन झश्यू या चिनी अधिकाऱ्यानें १८३९ च्या जूनमध्यें वीस हजारांहून अधिक पेट्या अफू मीठ-चुन्याच्या पाण्यांत कालवून समुद्रांत सोडून दिली, तेव्हां आपण समुद्राचें पाणी विटाळीत आहों म्हणून त्यानें समुद्रदेवतेची क्षमा मागितली. ज्यानें विष नष्ट केलें त्याला क्षमा मागावीशी वाटली. ज्यांनीं तें धाडलें त्यांना तशी गरज भासली नाहीं.

मुंबईच्या घडणींत हा पैसा मिसळलेला आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तींत माळव्याच्या अफूचा वाटा मोठा होता. आणि १८४५ सालीं सुरू झालेलें जे. जे. रुग्णालय, तसेंच त्यांचें नांव धारण करणारें कलाविद्यालय, हीं त्यांच्या दातृत्वाचीं फळें होत. त्या रुग्णालयांत आजवर किती जिवांना आराम पडला असेल याची गणना नाहीं. त्यामुळें त्या दात्याची निंदा करण्यास आमची जीभ धजत नाहीं. पण दानानें उगम धुऊन निघतो असें म्हणण्यासहि ती धजत नाहीं. याच मुंबईंतून गेलेल्या दादाभाई नौरोजींनीं मात्र दुसरा मार्ग पत्करला. लंडनमधल्या ज्या पेढींत ते भागीदार होते तिला मद्याच्या व अफूच्या व्यापारांतून मिळणारा नफा त्यांना नको होता, आणि १८५८ सालीं ते तिच्यांतून बाहेर पडले. त्यांच्या बाहेर पडण्यानें चीनला जाणारी एक पेटीहि बहुधा कमी झाली नसेल. तरीहि ती कृति व्यर्थ होती असें आम्हांस वाटत नाहीं. आपला हेतु स्वच्छ आहे एवढ्यावर ते थांबले नाहींत. आपल्याला काय ठाऊक आहे, हेंहि त्यांनीं हिशेबांत धरलें.

अशीच एक गोष्ट घरच्या अंगणांतली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईच्या चाळींतून गिरणींत जाणाऱ्या मातांनीं तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' चारून निजवून ठेवण्याची चाल सर्रास होती, आणि त्या काळच्या चौकशांतून ती नमूद झालेली आहे. त्या मातेचा हेतु कोणता होता? मूल दिवसभर रडूं नये, आणि आपल्या हातचें काम जाऊं नये, हाच ना? तिच्या अज्ञानाला बोल लावण्याआधीं हें विचारलें पाहिजे कीं, जाणत्यांपैकीं कितीजणांनीं गिरणीच्या दाराशीं पाळणाघर असावें म्हणून आवाज उठविला. अजाणता हात गोळी देतो. परंतु ती गोळी देण्याची पाळी आणणारी व्यवस्था जाणत्यांच्या डोळ्यांदेखत उभी असते.

हेतु पुरा पडत नाहीं म्हणून दुसऱ्या टोंकाला जाणारेहि आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, एवढा अनर्थ ज्यापासून होतो तें रोप समूळ उपटून टाकावें, म्हणजे प्रश्नच मिटला. ही भूमिका धार्मिक वाटते, कडक वाटते, आणि म्हणूनच ती मध्यमवर्गीय मनाला चटकन् पटते. तिचीहि परीक्षा घेऊं. जर्मनींतल्या सेर्टुर्नर नांवाच्या एका तरुण औषधविक्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अफूंतून मॉर्फीन वेगळें काढलें. आणि तेव्हांपासून आजतागायत कर्करोगासारख्या दुखण्यांतल्या असह्य वेदनेवर त्याच्या तोडीचें साधन फार थोडें सांपडलें आहे. भारतांत अफू सरकारी देखरेखीखालीं पिकते. तरीहि १९८५ चा कायदा आल्यावर परवान्यांचीं जाळीं आणि शिक्षेचें भय यांमुळें वैद्यकीय मॉर्फीनचा वापर १९९७ पर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. दुकानदार तें ठेवीनात, डॉक्टर लिहून देईनात, आणि नव्या डॉक्टरांना तें वापरण्याची विद्याच येईना.

आमच्या एका सहकाऱ्यांचा शेवट याच काळांत झाला. हाडांत पसरलेला कर्करोग होता. गांवांत तें औषध मिळत नव्हतें. शहरांत मिळे तेथें सही असे तर शिक्का नसे. मुलगा एसटीनें खेपा घालीत होता, आणि घरीं त्याचे वडील, ज्यांनीं तीस वर्षें वर्गांत आवाज चढविला नव्हता, रात्रभर ओरडत होते. समाचाराला आलेल्यांत एक सद्गृहस्थ असेहि होते कीं, त्या मुलाला त्यांनीं समजावलें, 'कशाला नादीं लागतां? संवय लागेल त्याची.' ज्याच्या आयुष्याचे दिवस बोटांवर मोजतां येत होते त्याला संवय लागेल! भय एकदां वस्तूच्या नांवाशीं जडलें म्हणजे तें विवेकाला किती दूर नेतें, हें त्या दिवशीं आम्हीं पाहिलें. अहिफेन या शब्दांतला साप त्या घरांत बसला होता. आणि तो अफूंतून आला नव्हता.

केरळांतल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या कांहीं वैद्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, आणि २०१४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन अशा आवश्यक औषधांची वाट कांहींशी मोकळी झाली. पण ती सर्वत्र सारखी झालेली नाहीं. कोणी म्हणेल, परसांतल्या फुलाशीं याचा संबंध काय? संबंध हा कीं, 'रोपच वाईट' असें एकदां ठरविलें म्हणजे त्या निर्णयाची किंमत बागवाल्याला फारशी पडत नाहीं. ती भलत्याच बिछान्यावर कोणाला तरी भरावी लागते.

तेव्हां रोपाला दोषी ठरवून भागत नाहीं, आणि हेतु निर्दोष म्हणूनहि सुटका होत नाहीं. राहतां राहिलें ज्ञान. आमचें मत असें आहे कीं, ज्ञानानें कृत्य पापी होत नाहीं. ज्ञानानें मनुष्य उत्तरदायी होतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली म्हणजे अज्ञानाला पुण्याचा दर्जा येतो, आणि जाणत्यानें जाणीव लपवावी असा उलटा धडा समाजांत रूढ होतो. अफूचें फूल काय आहे हें ज्याला कळलें त्याच्या दृष्टीनें तें फूल मलिन होत नाहीं. फक्त त्याला आतां त्या फुलाविषयीं कोणी विचारलें तर उत्तर द्यावें लागतें; आणि कोणी विचारलें नाहीं तरी स्वतःला द्यावें लागतें.

मग येथल्या जाणत्या गृहस्थानें करावें काय? कायदा आहे तोंवर त्यानें हें रोप आपल्या परसांत लावूं नये, हें आम्ही निःसंदिग्धपणें म्हणतों. मात्र तें कां लावूं नये, याचें कारण नीट ओळखून असावें. रस्त्यावर आपण डाव्या बाजूनें वाहन हांकतों, तें डावी बाजू उजवीहून पवित्र आहे म्हणून नव्हे. सर्वांनीं एक बाजू धरली तरच कोणी चिरडला जात नाहीं म्हणून. तसेंच येथें आहे. परसापरसांतून हें रोप उभें राहिलें तर फुलासाठीं लावणारा कोण आणि चिकासाठीं लावणारा कोण, हें पाहरेकऱ्याला ओळखतां येणार नाहीं. आणि त्याच्या त्या अडचणीचा भार शेवटीं कोणा शेजाऱ्याच्या मुलावर पडेल. म्हणून आपल्या वांट्याचें एक फूल आपण सोडून द्यावयाचें. हा त्याग लहान आहे आणि रास्त आहे. शर्ली पॉपीचा वाफा हातीं असतांना तर तो त्यागहि म्हणवत नाहीं. इंग्लंडांत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या बागेंत तेंच रोप आपोआप उगवलें, तर तें डोळे भरून पाहण्यास त्यांना कांहीं अडचण नाहीं. तेथलें कुंपण निराळ्या जागीं घातलेलें आहे.

परंतु एवढें करून आपण नीतिमान् झालों अशी कोणीं समजूत करून घेऊं नये. आमच्या वर्गाचा हा जुनाच दोष आहे कीं, जें सोडणें सोपें तें सोडून त्याच्या पुण्यावर आपण दीर्घकाळ गुजराण करतों. परसांत अफू न लावणारे आम्ही, ज्या नफ्यांत आमचा वांटा आहे तो कोठून येतो हें विचारीत नाहीं. व्यसनांत सांपडलेल्या तरुणाला घराबाहेर काढून घराची अब्रू राखतों. आणि वेदनेनें तळमळणाऱ्या आप्ताला औषध देतांना त्याच्या वेदनेपेक्षां औषधाच्या नांवाला अधिक भितों. हीं तीनहि कृत्यें कायद्याच्या चौकटींत बसतात. पस्तिसावें कलम यांपैकीं एकालाहि लागूं पडत नाहीं.

म्हणून फुलाचा प्रश्न फुलापाशीं संपत नाहीं. कायदा मनुष्याच्या हातांत काय आहे तें पाहतो. त्याच्या मनांत काय आहे याचा तो अंदाज बांधतो. पण जें ठाऊक असून त्यानें केलें नाहीं, त्याची नोंद कोणत्याहि दप्तरांत होत नाहीं. ती ज्याची त्यालाच ठेवावी लागते. परसांत तें फूल नसलें तरी घर शोभेल. परंतु शेजारच्या घरांतलें कण्हणें रात्रीं कानांवर येत असतां, आम्हांला ठाऊक नव्हतें असें म्हणण्याची सोय ज्याला ठाऊक आहे त्याला उरलेली नाहीं.